रिकाम्या खुर्चीचा दाखला

लेखी परीक्षेत ताई पहिली आली. टायपिंगमध्येही पास झाली, तेही एक बटण दाबलं की दोन अक्षरं उमटणाऱ्या मशीनवर. कनिष्ठ लिपिक व्हायला आता एकच कागद कमी होता: 'उमेदवाराने यापूर्वी कधीही सरकारी नोकरी केलेली नाही' असा दाखला. तो आज पाचच्या आत पडताळणी कक्षात द्यायचा होता. उद्या ताई वयाच्या अटीत बसणार नव्हती. वाढदिवस होता.

सहा वर्षं तिने याच परीक्षेचा अभ्यास केला होता. मीही दोनदा बसले. दोनदा उठले.

दाखल्याची खिडकी चार नंबरची. पुढे छत्तीस माणसं, ताई सदतिसावी. खिडकीमागे टेबल, खुर्ची, शिक्का, आवकची वही, सरकारी नोकरांची यादी. माणूस तेवढा नाही.

"इथले क्लार्क कधी येतील?" मी शिपाईकाकांना विचारलं.

"ते मागच्या वर्षीच रिटायर झाले. त्याच जागेची तर भरती चाललीय. तुमचीच परीक्षा ती!"

म्हणजे ताईला नोकरी लागली की मग ताईला दाखला मिळणार होता.

"मग ही रांग कशाची?"

"आपण आपलं उभं राहायचं," पुढचे आजोबा म्हणाले. "घरी तरी काय करतो?"

ताई दारातून आत गेली, खुर्ची पुसली, बसली. "या पुढे."

शिपाईकाका धावत आले. "अहो बाई, असं बसता येत नाही!"

"उभ्याने शिक्का नीट उमटत नाही, काका."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बसू द्या हो!" काका गेले ते चहालाच गेले.

ताई यादीत नाव शोधायची, नसलं की आवक क्रमांक टाकायची. इथली रीतच अशी, की क्रमांक पडला की आतल्या खोलीतले साहेब वाचत नाहीत, सही करतात. वाचणं हे खिडकीचं काम. एका गृहस्थांचं नाव मात्र यादीत सापडलं.

"तुम्ही नोकरीत आहात."

"हो का? तरीच साहेब ओळखीचं हसतात!"

चार वाजले. मी खिडकीत डोकं घातलं. "बाई गं, आधी आपला काढ!"

"आपला सदतिसावा. मध्ये घुसायला मी काय कुणाच्या ओळखीची आहे?"

पावणेपाचला ताई बाहेर आली, आपला अर्ज खिडकीतून आत सरकवला, आत गेली, यादीत स्वतःला शोधलं, क्रमांक टाकला. साहेबांनी गठ्ठ्यावर सह्या ठोकल्या.

पडताळणी कक्षातल्या अधिकाऱ्यांना बातमी आधीच पोचली होती.

"दुपारभर त्या खुर्चीत तुम्हीच होतात ना? मग हा दाखला खोटा. तुम्ही सरकारी नोकरी केलीत."

"नेमणुकीचं पत्र दिलंत?"

"नाही."

"हजेरीपटावर सही घेतलीत?"

"नाही."

"पगार देणार?"

"छे!"

"मग नोकरी कसली? मी नुसतं काम करत होते."

अधिकाऱ्यांनी आवाज चढवला. "तुम्हाला बाद करू शकतो मी!"

"करा. फक्त लिहून द्या, की वर्षभर बंद असलेली खिडकी हिने उघडली, म्हणून बाद."

त्यांनी पेन उचललं. खाली ठेवलं. परत उचललं. दारात रांगेतली सगळी माणसं आपापले दाखले धरून उभी होती, आणि यादीत सापडलेले गृहस्थ सर्वांत पुढे.

अधिकाऱ्यांनी कागद ठेवून घेतला.

"पोच द्या," ताई म्हणाली.

त्यांनी दिली.

"वेळ राहिली टाकायची. चार अठ्ठावन्न."