वास गेला

गॉडफ्रेच्या अंगाला कुजक्या कांद्यासारखा वास यायचा आणि त्यावरून उमेळे गावात त्याची यथेच्छ टिंगल व्हायची. चर्चमध्ये त्याच्या बाकावर बसायचे ते फक्त धाकटी बहीण जुलियाना आणि तिचा नवरा रॉकी. रॉकीला कसला आलाय वास? गॉडफ्रेनेच त्याला आपल्याबरोबर कारखान्यात चिकटवला होता!

तिथे अल्कोहोलची वाफ आणि हायड्रोजन सल्फाइडचा विषारी वायू तापलेल्या ॲल्युमिनाच्या गोळ्यांवरून सोडत. त्यातून निघायचं कुजक्या कांद्याच्या वासाचं मरकॅप्टन. स्वयंपाकाचा गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात घालतात तेच. लोकांचे जीव वाचवणारा माल, पण वायू मोजायचं मीटर बिघडलेलं ते बिघडलेलंच. नाकं आहेत ना तुम्हाला, असं मालक म्हणायचा. मेला स्वतः कधी खाली उतरला नाही.

त्या दुपारी गोळ्या चोंदल्या, दाब वाढला आणि पाइपाच्या सांध्यातून वायू सुटला. रॉकी खालीच होता. सडक्या अंड्यांचा वास येतोय, वर येतो, असं तो वॉकीटॉकीवर म्हणाला. गॉडफ्रेने वरून व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याला जरा थांबायला सांगितलं.

"गॉडफ्रे, वास गेला."

गॉडफ्रेचा जीव भांड्यात पडला. "मग सांधा आवळूनच ये," तो म्हणाला.

वायू फार झाला की आधी नाक मरतं, मग माणूस. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे सांगायचा कोण, तर गॉडफ्रेच. पण वायू गेला तरी वास गेला आणि नाक गेलं तरी वास गेलाच. त्याने आपल्या सोयीचा अर्थ घेतला. चूक ध्यानात आली तेव्हा वॉकीटॉकीवर कुणी बोलेना. मास्क चढवून तो धावला. रॉकी सांध्यापाशी पालथा पडला होता, हातात पाना तसाच.

रॉकी आपल्या मनाने थांबला असं सांगायचं, असं मालकाने बजावलं. गॉडफ्रे गप्प राहिला. लाज वाटत होती, तरी गप्प राहिला.

रॉकी गेल्याच्या सातव्या दिवशी, चर्चमधल्या मिस्सेनंतर, जुलियाना त्याचा कामावरचा शर्ट घेऊन बसली. तिने तो धुतला नव्हता. नाकाशी धरून ती म्हणाली, "दादा, वास गेला रे याचा."

गॉडफ्रेला भडभडून आलं.

"बाय, तोही हेच म्हणाला होता. आणि मी त्याला सांधा आवळायला लावला."

जुलियानाने शर्टाची घडी घातली आणि त्याला घरी जायला सांगितलं. पुढल्या रविवारी त्या बाकावर गॉडफ्रे एकटाच होता.