पालथं कार्ड

“हे मायक्रो. नखाएवढं. शिंक आली तर उडून जाईल. एका गिऱ्हाइकाने शर्टाच्या खिशात विसरून दोनदा धुतलंय.”

काउंटरवरच्या हिरव्या कापडावर तिने पाच प्रकारची कार्डं मांडली होती. समोर कॅमेरा घ्यायला आलेलं जोडपं, बायकोला सातवा महिना.

“ही लांबट पट्टी मेमरी स्टिक. एकाच कंपनीच्या कॅमेऱ्यात चालायची, माहेर सोडून दुसरीकडे पाणी प्यायची नाही. हे एक्सडी, बिचारं अल्पायुषी. आणि हे थोरलं, कॉम्पॅक्टफ्लॅश. अंगाने दणकट, पण तिरकं घुसवलंत तर कॅमेऱ्यातली पिन वाकलीच समजा.”

“मग आम्ही कुठलं घ्यायचं?”

“एसडी. त्याच्या कडेला ही बारीक कळ बघा. खाली सरकवली की कुलूप. मग लेकराचा हात लागो की नवऱ्याचा, कॅमेऱ्याला आतलं पुसता येत नाही.”

“नवऱ्याचाच लागणार,” बायको म्हणाली. नवरा ओशाळून हसला.

“थोरल्याला कुलूप नव्हतं,” ती म्हणाली. “असतं तर...” आणि पुढचं तिने गिळलं.

जोडपं गेलं. त्यांच्यामागे एक म्हातारा केव्हाचा उभा होता.

“कॉम्पॅक्टफ्लॅश वाचणारं यंत्र आहे का तुमच्याकडे? तीन दुकानं झाली. एक जण म्हणाला, आजोबा, फेकून द्या.”

आवाज तिने आधी ओळखला, चेहरा मग. चौदा वर्षांत केस गेले होते, खांदे उतरले होते. आवाज तोच. त्याने पाकिटातून कार्ड काढून हिरव्या कापडावर ठेवलं, लेबल वर करून. लेबलावर सातचा आकडा होता, शेपटी लांब ओढलेला. तिच्याच हातचा.

“मिसेस वारल्या, दोन महिने झाले,” तो सांगत होता. “जन्मभर लोकांचे फोटो काढले, पण ती कधी समोर उभी राहिली नाही. ह्या एका कामाला मात्र बरोबर आली होती. उजेड बघायला मी तिच्याच चेहऱ्यावर कॅमेरा धरला होता. पण कार्ड पुसलं गेलं. निघेल का काही?”

ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या हाताने ते कार्ड उचललं आणि पालथं ठेवलं. हाताला सांगावं लागलं नाही.

म्हातारा बोलायचा थांबला. पालथ्या कार्डाकडे बघितलं, मग तिच्या चष्म्याकडे, आखूड केसांकडे.

“तू...”

“हो, मालक. खोडरबर.”

चौदा वर्षांपूर्वी ती ह्याच्या स्टुडिओत कामाला होती, वय बावीस. दादाच्या शब्दावर नोकरी लागलेली. दादा आणि मालक एका गल्लीतले. शूटिंगहून आलेली कार्डं तिच्या ताब्यात असायची. तिने एक शिस्त लावली होती. डबीत लेबल वर असलेलं कार्ड रिकामं, पालथं ते भरलेलं. पालथ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तीसुद्धा आधी फोटो संगणकात उतरवून घ्यायची, मोजायची, आणि मगच कार्ड पुसायची.

एका कारखानदाराच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्याचा सोहळा होता. सात नंबरचं कार्ड संध्याकाळी पाचला तिच्याकडे आलं, पालथंच. आत निघाले एकोणीस फोटो. दुपारपर्यंतचे सगळे गायब. “तूच पुसलंस,” मालक सगळ्यांदेखत म्हणाला आणि कार्ड स्वतःकडे ठेवून घेतलं. आठवड्याभरात त्याने दादाला बोलावून घेतलं. “तुझी बहीण नाही ही, खोडरबर आहे. घेऊन जा.” पुढे तीन महिन्यांनी कारखानदाराचे वडील वारले, आणि त्यांचा शेवटचा सोहळा पुसणारी म्हणून तिचं नाव गावभर झालं.

त्या दिवसापासून दादा तिच्याशी सरळ बोलला नाही. बोलायचं ते वहिनीकडून. आणि वहिनीने ते नाव असं उचललं की घरात कुणी फोटो काढायला लागलं की हाक यायची, “खोडरबरच्या हातात देऊ नका हं!” सगळे हसायचे. तीही हसायची, करते काय. पण वाईट हे की तिचाच तिच्या बोटांवरचा विश्वास उडाला. झालं असेल का आपल्याच हातून? दाराला कुलूप लावलं की नाही ते बघायला ती जिन्यावरून दोनदा, तीनदा परत यायची. आणि रोज देवापुढे हात जोडले की आरोग्य नाही, सुख नाही, एकच मागणं. एकदा त्याला माझ्या टेबलापाशी आण.

आणलं होतं.

“राहू दे,” म्हातारा कार्डाकडे हात नेत म्हणाला. “मी दुसरीकडे बघतो.”

“दुसरीकडे कुठे? पाचव्या दुकानात?” तिने कार्डावर तळवा ठेवला. “बसा, मालक. काही मिळालं नाही असं म्हणायला मला नुसतं तोंड उघडायचंय. तुम्हाला कधी कळणारही नाही. जरा बसून बघा, कसं वाटतं ते.”

तो स्टुलावर बसला. तिने कार्ड यंत्रात सरळ, हलक्या हाताने बसवलं. पुसलेले फोटो हुडकणारी पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली. ती मुद्दाम दुसरं काम करत राहिली. एका कॅमेऱ्याची काच पुसली. मधेच म्हणाली, “चहा मागवला असता. पण तुमच्या स्टुडिओत शेवटच्या आठवड्यात मला पाणीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं, ते आठवलं.”

तो पट्टीकडे बघत राहिला.

तासाभराने चित्रं उमटू लागली. उजेड परतवायचा चंदेरी पत्रा धरून उन्हात उभी असलेली मालकीणबाई. डोळे बारीक करून हसणारी. “काढा की आता, हात भरून आला,” म्हणत असावी असा चेहरा.

“हीच!” म्हातारा उठला. “हीच ती... अरे देवा.” पडद्यापाशी येऊन त्याने बोट लावलं.

तिने पडदा स्वतःकडे फिरवून घेतला.

“थोडं दाखव ना गं.”

“दाखवते. आधी मला बघायचंय.”

फोटोंच्या वेळा ती एकेक करून वाचत गेली. पुसण्याआधीचा शेवटचा फोटो बारा एक्केचाळीसचा. नवा कोरा फोल्डर तयार झाला बारा त्रेचाळीसला. कार्ड पुसलं गेलं ते त्या मिनिटाला, भर दुपारी, सोहळ्याच्या मांडवात, कॅमेऱ्यात बसलेलं असताना. तेव्हा ती स्टुडिओत होती. कार्ड तिच्या हातात यायला अजून सव्वाचार तास होते.

चौदा वर्षं. तिने आपली दहा बोटं टेबलावर पसरून बघितली.

मग तो शेवटचा फोटो तिने उघडला. वाकडा, हललेला. फोटोत मालक स्वतः होता, कंबरेवर हात ठेवून, ऐटीत. कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात होता. आता तिने पडदा त्याच्याकडे फिरवला.

“हा कुणी काढला, मालक?”

म्हाताऱ्याने फोटो बघितला आणि खाली बसला. 

“ती म्हणाली, तुमचाही एक काढते,” तो म्हणाला. “काढला. मग काढलेला बघायला गेली, कुठली तरी बटणं दाबली. संध्याकाळी तू कार्डात एकोणीसच फोटो आहेत म्हणालीस, तेव्हाच माझ्या लक्षात आलं.”

“तेव्हाच.”

“कारखानदार दारात उभा होता. बायकोचं नाव कसं घेणार? तू... तुझं काय, लहान होतीस, दुसरी नोकरी मिळाली असती.” त्याने डोळे पुसले. “ती दर वर्षी म्हणायची, त्या मुलीला सांगून टाका. मीच तिला गप्प केलं. माफ—”

“ते नको. माफीचं मी देवाजवळ बघेन, तुमच्याजवळ नाही.” तिने फोन काढला. “तुम्ही दादाला बोलावून सांगितलं होतंत ना? आता परत सांगा.”

“अगं, ह्या वयात—”

“फोटो हवेत की नकोत?”

फोनचा आवाज मोठा करून तिने तो हिरव्या कापडावर ठेवला. तिकडून वहिनी. “बोला खोडरबरबाई! आज काय पुसलंत?”

ते नाव ऐकून म्हाताऱ्याने मान खाली घातली. त्याचंच ठेवलेलं होतं.

“वहिनी, दादाला बोलाव. स्टुडिओचे मालक आहेत इथे.”

“कोण? अय्या, ते?... अहो, इकडे या. अहो, या ना!”

म्हातारा बोलला. अडखळत बोलला, पण सगळं बोलला. वेळ सांगितली, बटणांचं सांगितलं, आणि एकदा आवाज फुटला तरी बायकोचं नाव त्याने घेतलं. “तुझ्या बहिणीने काही केलं नव्हतं. मला माहीत होतं,” इथपर्यंत आला आणि थांबला.

 

पलीकडे दादाने घसा खाकरला. “आईच्या शेवटच्या वर्षातलं एक कार्ड आहे कपाटात,” तो म्हणाला. “उघडत नाही. चार वर्षं पडून आहे. तुला... दिलं नव्हतं.” परत घसा. “उद्या आणू का? बघशील?”

चौदा वर्षांनी तो तिच्याशी बोलत होता.

“आण,” ती म्हणाली. “डबीत पालथं ठेवून आण.”

फोन ठेवल्यावर तिने सगळे फोटो एका नव्या एसडी कार्डात उतरवले. दोनशे एकतीस. मोजले, परत मोजले. तेवढ्यात म्हातारा हळूच म्हणाला, “तो शेवटचा, माझा... तेवढा काढून टाक.”

“पुसायचं काम माझं नाही, मालक.”

तिने नखाने कडेची कळ खाली सरकवली. टिक. मग ते कार्ड आणि जुनं सात नंबरचं कार्ड, दोन्ही पालथी त्याच्या पाकिटात घातली आणि पाकीट काउंटरवरून पुढे ढकललं. तो पाकीट दोन्ही हातांत धरून जिना उतरला, एकेका पायरीवर थांबत. ती खिडकीत जाऊन उभी राहिली नाही.

सहा वाजता तिने दिवे बंद केले, दाराला कुलूप लावलं आणि उतरू लागली. अर्ध्या जिन्यात सवयीने पाय थांबले. कठड्यावर हात ठेवून ती क्षणभर उभी राहिली. मग खाली उतरली.