एका माळेवर दोघींचे दिवस

मी एक जुनी मण्यांची माळ आहे. गळ्यात घालायची नव्हे, दिवस मोजायची. मित्रांनो, आपण कुणाला कधी फसवलं नाही, अशी माझी घमेंड होती. ती एका सकाळी अशी उतरली की त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

बामाको शहरातल्या एका खोलीत बायकांनी मला ओवलं. एक लाल मणी, सहा तपकिरी, बारा पांढरे, मग पुन्हा तेरा तपकिरी. वर एक काळी रबरी कडी. पाळी आली की कडी लाल मण्यावर चढवायची आणि रोज सकाळी एकेक मणी पुढे न्यायची. पांढऱ्या मण्यांवर दिवस राहण्याचा संभव, तपकिरी मण्यांवर तो फारच कमी. एवढंच माझं ज्ञान, पण त्याचा मला कोण ताठा!

सिकासोजवळच्या एका गावात कुलिबाली नावाच्या सुईणबाईंनी मला वोरोकिया जाराच्या हाती दिलं. वोरोकियाला चार मुलं. चौथ्याच्या वेळी पोट फाडावं लागलं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन वर्षांत पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल.

"मोजता येतं ना गं?" सुईणबाईंनी विचारलं.

"तुम्ही कुलिबाली लोक पोतंभर चवळी एका बैठकीत फस्त करता, आणि मला मोजायला शिकवता होय?" वोरोकिया म्हणाली. सुईणबाई पोट धरून हसल्या. जारा कुळाने कुलिबाली कुळाला थट्टेने चवळीखाऊ म्हणायचं, ही तिथली रीतच आहे.

वोरोकियाच्या घरात सवत होती, सानाता. दोघी आळीपाळीने दोन-दोन दिवस चूल सांभाळत आणि जिची चूल, तिच्या खोलीत नवरा झुमाना झोपे. सानाताच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं, त्यातलं सव्वा वर्ष झुमाना परदेशी कोकोच्या मळ्यांवर होता. तरी कूस रिकामी म्हणून बोल तिलाच. कापूस वेचून झाला की तिला माहेरी पोचवायचं, असं सासूने ठरवून टाकलं होतं.

वोरोकिया मनाची मोठी. तिने मला सानातासमोर धरलं. "हे बघ धाकटे, पांढरे दिवस मुलाचे. मला ते नकोत, तुला हवेत. पांढऱ्या दिवसांत चूल तुझी, तपकिरीत माझी. पटतंय?"

सानाताचे डोळे भरून आले. "मोठे, सख्ख्या बहिणीनंही एवढं दिलं नसतं."

सात महिने असं चाललं. रोज कडी सरकली की सानाता येऊन पांढऱ्या मण्यांवरून बोट फिरवी. मला वाटायचं, मी एकीचा जीव राखते आहे आणि दुसरीची ओटी भरते आहे. फुशारकीने मी भिंतीवर डोलत असे.

कापूस संपला. सानाताचा भाऊ द्रिसा गाढवाची गाडी घेऊन आला. तिचं उखळ, तिची घमेली गाडीत चढली. त्याच सकाळी माझी कडी तडकली, म्हणून वोरोकिया मला घेऊन दवाखान्यात निघाली. निरोप घ्यायला सानाताही बरोबर आली.

"कितव्या मण्यावर होती?" सुईणबाईंनी विचारलं.

"चौथ्या पांढऱ्यावर," वोरोकिया म्हणाली.

सानाता खाली मान घालून पुटपुटली, "पांढरे मणी माझ्यावर रुसलेत, बाई. दर खेपेला त्यांच्यावरच मला पाळी येते. आजही आली. वांझ बाईचं असंच होत असणार."

सुईणबाईंनी तडकलेली कडी खाली ठेवली. "काय म्हणालीस? मागच्या खेपेला कधी आली होती?"

"चार आठवड्यांपूर्वी. बाजाराच्या दिवशी. दर चौथ्या बाजाराला येते."

"अगं बायांनो, ही माळ वोरोकियाच्या अंगाची आहे. तुझ्या नव्हे. तुझे मुलाचे दिवस हिच्या तपकिरी मण्यांवर येतात. आणि नेमकी तेव्हा तू चूल हिच्या हवाली करून वेगळी निजतेस."

वोरोकियाने माझ्या पांढऱ्या मण्यांवर बोट ठेवलं. "म्हणजे सात महिने मी हिला सगळ्या फुकट रात्री दिल्या?"

मित्रांनो, त्या क्षणी माझा दोरा तुटला असता तर बरं झालं असतं. चंद्र जसा साऱ्या गावाला एकच, तसे माझे मणीही साऱ्या बायकांना एकच, असं त्या दोघींनी धरलं होतं. आणि मीही तेच धरलं होतं!

वोरोकिया घरी आली ती थेट गाडीपाशी. तिने उखळ दोन्ही हातांनी उचललं. टाक्यांच्या जागी कळ आली असणार, कारण तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिने ते खाली ठेवलं आणि झुमानाला सांगितलं, "ही कुठंही जात नाही. खोट हिच्यात नाही, माझ्या मोजण्यात होती; हिचे दिवस मी माझ्याच दिवसांवरून मोजले. न्यायचंच असेल तर आधी मला गाडीत घाला."

सासूने तोंड उघडलं, पण द्रिसा आधीच गाढव सोडत होता. "दोन वर्षं हिला बोल लावलात आणि एवढं साधं कुणी विचारलं नाही?" तो म्हणाला. झुमानाने उखळ उचलून आत नेलं.

दवाखान्यात दुसरी माळ नव्हती. सुईणबाईंनी माझ्यावरच दोन खुणा केल्या, वोरोकियाची नवी कडी आणि सानाताचा निळा दोरा; दोरा पांढऱ्यावर असला की चूल सानाताची. तिसऱ्या फेरीत निळा दोरा शेवटच्या मण्यापर्यंत पोचला, पाळी आली नाही, आणि पुढे सरकवायला मणीच उरला नाही. आठवड्याने सुईणबाईंनी तपासून होकार दिला, तेव्हा सानाताआधी वोरोकिया रडली.

आता माझा रंग उडाला आहे, मणी टवके जाऊन खरबरीत झाले आहेत. मला जपा, असं मी म्हणणार नाही. माळा नव्या मिळतात. पण मित्रांनो, कुठल्याही बाईला वांझ म्हणण्याआधी तिला तिचे दिवस विचारा. त्या घरात सानाताला ते कुणीच विचारले नव्हते. रोज तिचं बोट माझ्यावरून फिरत होतं, तरी मीसुद्धा नाही.