किंचाळणारा ब्रेक

त्या दिवशी विशेष काहीच घडलं नाही. बाबांनी धाकट्याला पाना फेकून मारला, तो त्याच्या कानाला चाटून गेला, आणि आईने वरून जेवायला हाक मारली.

आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान खाली, घर वर. मी सुट्टीला आले होते. धाकटा म्हणजे माझा भाऊ. तिशीला टेकला तरी घरात तो धाकटाच. स्टँडवर दाताच्या डॉक्टरांची माउंटन बाइक टांगली होती. पुढचा ब्रेक दाबला की ती अशी किंचाळायची की समोरच्या गॅलरीतली कबुतरं उडायची.

“मिस्त्री, गाडी थांबते हो,” डॉक्टर म्हणाले होते, “पण गल्लीभर बोंब मारून थांबते. लोकांना वाटतं, माझ्याच दवाखान्यात कुणी ओरडतंय.”

बाबा खळखळून हसले. गिऱ्हाइकांशी त्यांच्याइतकं गोड कुणी बोलत नसे. उद्या सकाळी गाडी तयार, असा शब्द त्यांनी दिला आणि डॉक्टरांची पाठ वळताच धाकट्याला म्हणाले, “उद्या हिचा आवाज आला, तर पाठोपाठ तुझा येईल.”

धाकट्याने सगळं रीतसर केलं. चाक काढलं, ब्रेकचे पॅड पॉलिश पेपरवर घासले, पॅड जिला धरतात ती चाकाची डिस्क स्पिरिटने पुसली, पॅड बसवलेल्या कॅलिपरचे बोल्ट सैल करून ब्रेक दाबून धरला आणि ते पुन्हा आवळले. मग गल्लीत एक चक्कर मारली. कबुतरं उडाली. साखळीवर मारलेलं तेल कधीतरी पॅडवर उडून आत मुरलं होतं. तसले पॅड फेकूनच द्यावे लागतात.

“नवे टाकतो, बाबा. सकाळी बाजारातून आणतो.”

“नवे काय, कुणीही टाकेल. मग माझ्याकडे कशाला येतात लोक? हात आहेत का खुंट्या?”

त्यावर तो पाना आला. धाकट्याने तो उचलला, पुसला आणि जागेवर टांगला. मार खाल्ल्यावर हत्यार जागेवर ठेवायची आमच्याकडे पद्धत होती.

संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा तो गल्लीत गाडी हळूहळू फिरवत होता. कबुतरं जागची हलली नाहीत. मला बरं वाटलं. त्या रात्री सगळे शांतपणे जेवलो. बाबांनी आईला भाकरीचा पापुद्रा छान सुटलाय असंसुद्धा सांगितलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच धाकटा बाजारात गेला होता. नेमके डॉक्टर लवकर आले. दुरुस्त केलेली सायकल स्वतः उतारावर पळवून बघितल्याशिवाय बाबा कधी कुणाच्या हाती देत नसत. उतार जिथे वळतो तिथे अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक दाबायचा, मागचं चाक उचलून दाखवायचं. बघणारे टाळ्या वाजवायचे. त्या सकाळीही ते डॉक्टरांची गाडी घेऊन उतारावर सुटले. मी चहाचा कप घेऊन आमच्या गॅलरीत उभी होते.

आवाज आला नाही. गाडीही थांबली नाही. बाबांनी मान खाली घालून ब्रेककडे पाहिलं, धाकट्याकडे पाहायचे तसं. मागचं चाक फरफटत राहिलं. वळणावर सळ्यांचा ट्रक उभा होता, सळ्या मागे बाहेर आलेल्या. बाबा ब्रेक दाबत दाबतच त्यांच्यावर गेले. मी धावत पोचले तेव्हा त्यांची बोटं ब्रेकवरच आवळलेली होती. डॉक्टरांना ती एकेक करून सोडवावी लागली. रक्त ट्रकखालून पलीकडच्या गटारापर्यंत गेलं होतं.

सगळं उरकून माणसं घरी परतली. देवमाणूस गेला, असं जो तो म्हणत होता. काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, दुकानात आणून ठेवलेल्या त्या सायकलच्या डिस्कवर बोट फिरवून वर आले. त्यांनी ते बोट धाकट्याच्या गालावर पुसलं.

“काय आहे हे?”

“तेल,” धाकटा म्हणाला. “डिस्कला मीच लावलं. एका रात्रीपुरतं. सकाळी पॅड बदलणार होतो.”

काकांनी त्याला उलट्या हाताने मारलं, मग सुलट्या. ओठ फुटला. कॉलर धरून त्यांनी त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. धाकट्याचे हात सरळ खाली लोंबत होते. एवढा दणकट पुरुष, पण मार अडवायचा असतो हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आई जमिनीकडे पाहत होती.

“मिस्त्रीच्या पोटचा, आणि ब्रेकला तेल? मुद्दाम मारलंस बापाला! चल चौकीवर.” काका माझ्याकडे वळले. “तू तरी सांग. एवढी शिकलेली ना तू? असा माणूस चुकून तेल लावेल?”

“चुकून नाही,” मी म्हणाले. “भीतीने.”

“कुणाच्या भीतीने?”

आईने माझं मनगट धरलं. “आज नको गं, बाई.”

“आजच, आई.” खोलीतली माणसं माझ्याकडे बघू लागली. “काका, सोडा त्याला. बाबा आम्हाला मारायचे. त्याला, मला, आईला. मला ते हवे आहेत, आत्ता या दारातून आलेले हवे आहेत. पण ते मारायचे.”