फोटोपुरती हळद

भिंगारच्या बाजारपेठेतला भीमराज फोटोग्राफर लग्नाच्या ऑर्डरीला बायकोला घेऊन जायचा, याची लोकांना भारी गंमत वाटायची. जेवायला आणली असेल, असं वऱ्हाडातला एखादा टवाळ हमखास बोलायचा. मग भारतीच्या पिशवीतून छोटा कॅमेरा निघायचा आणि टवाळाची बोलती बंद व्हायची.

मोठा कॅमेरा भीमराजचा. काळा, जड, लेन्स बदलता येणारा, डोक्यावर वेगळा फ्लॅश चढवायचा. त्याला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. छोटा भारतीचा. तो मुठीत मावायचा, फ्लॅश त्याच्या अंगातच होता आणि लेन्सवर दोऱ्याला बांधलेलं काळं झाकण. भीमराज म्हणायचा, मोठा कॅमेरा म्हणजे पाहुणा, तो आला की माणसं ताठ बसतात, मिशा सावरतात. छोट्याला कुणी मोजत नाही, म्हणून त्याला सगळं दिसतं. नवरीला बांगड्या भरताना, ओटी भरताना, हळद लावताना परक्या पुरुषाला उंबऱ्याच्या आत थारा नसतो. तिथं भारती छोटा घेऊन शिरायची. भीमराजचे फोटो लोक भिंतीवर लावायचे आणि भारतीचे काढून काढून बघायचे.

भारती बौद्ध घरातली. खेड्यात काही घरांतून तिच्यासाठी चहाचा कप वेगळा निघायचा. अशा ठिकाणी ती "मी चहा घेत नाही" म्हणायची, आणि घरी आल्यावर कपावर कप रिचवायची. पण कॅमेरा हातात असला की त्याच घरातल्या बायका तिला दंडाला धरून आतल्या खोलीत ओढायच्या. तिथला तो कालवा, ती थट्टा, नवरीच्या मानेवरून ओघळणारी हळद, "ए बाई, माझा पन काढ गं" म्हणत मधे घुसणारी एखादी आत्या. भारतीला माणसांत असल्यासारखं वाटायचं ते तिथंच.

दोन वर्षांपूर्वी भीमराजच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं. भावकीतली एक म्हातारी बांगड्या फोडायला पुढं झाली, तेव्हा भारतीच्या सासऱ्यांनी तिला दारातूनच परत लावलं. आपल्यात हे चालायचं नाही, म्हणाले. हातात बांगड्या राहिल्या. घरात मात्र कुणी राहिलं नाही. वर्षाच्या आत सासरेही गेले आणि लेक माधुरी तर लग्न होऊन केव्हाच नाशिकला गेली होती. भारती हट्टाने मोठा कॅमेरा शिकली. पहिले कित्येक रोल वाया घालवले, पण शिकली. दिवसभर स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायचे. "जरा हनुवटी वर घ्या" आणि "हलू नका," यापलीकडे कित्येक दिवस तिच्या तोंडून दुसरं वाक्य निघायचं नाही. संध्याकाळी ती स्वतःशीच मोठ्याने बोलून बघायची, आवाज अजून आहे ना म्हणून.

तर अशात तिसगावजवळच्या एका वस्तीवरून लग्नाची ऑर्डर आली. भीमराजने त्या घरच्या थोरल्या पोरीपासूनच्या सगळ्या लग्नांचे फोटो काढले होते. आता चांगुणाबाईंची एकुलती एक लेक, राजनंदिनी. चांगुणाबाईंचा नवरा विहिरीच्या कामावर दगावून कैक वर्षं झाली होती, म्हणून कन्यादान चुलता-चुलती करणार होते. चुलतीचं नाव रंगुबाई. घरातलं पानसुद्धा तिला विचारून हलायचं.

भारती दोन्ही कॅमेऱ्यांत रोल भरून हळदीच्या वेळेला हजर झाली. मोठा गळ्यात, छोटा हातात. आतून बायकांचा कालवा ऐकू आला तशी तिची पावलं आपोआप तिकडं वळली. इतक्या दिवसांनी तिला हसू फुटलं होतं. आणि उंबऱ्यात रंगुबाई आडवी आली.

"तुमी बसा की हितंच, वाऱ्याला," रंगुबाई गोड आवाजात म्हणाली. "ते बारकं यंत्र तेवढं द्या आत. आमची पुष्पी काढंल."

पुष्पी म्हणजे रंगुबाईची लेक पुष्पावती, शेवगावला दिलेली.

"मीच काढते ना," भारती म्हणाली. "या घरातल्या सगळ्या हळदी मीच काढल्यात."

"तवाचं येगळं हुतं बाई. आता..." रंगुबाईने वाक्य तोडलं. "शुभकार्य हाय. तुमाला काय सांगायचं, तुमी शान्या हायेत."

भारतीला कळायला क्षणभर वेळ लागला. ज्या दारात तिला कधी जातीने अडवलं नव्हतं, त्या दारात आज मेलेला नवरा आडवा आला होता. तिला संताप आला. नाही देत कॅमेरा, जा, असं तिच्या अगदी ओठावर आलं.

"दे बाई त्यो आत," कुणीतरी हळूच म्हणालं.

दाराच्या बाजूला भिंतीला टेकून चांगुणाबाई बसल्या होत्या. नवरीची आई. नवं लुगडं, मोकळं कपाळ, दोन्ही हात मांडीत. त्या तिथं आहेत हे भारतीच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अक्का, तुम्ही बाहेर?"

"मी कशी आत जाऊ?" चांगुणाबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. ऊन पडलंय, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. "पोरीची हळद काय मला दिसायची न्हाई. तुझ्या फोटूत तरी बघंन. तेवढं कर माझं. दे आत."

भारतीने कॅमेरा रंगुबाईच्या हातात ठेवला. ठेवला कसला, आदळला. एक शब्दही न बोलता ती मागं फिरली आणि चांगुणाबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

आत हळद सुरू झाली. खिडकीतून फ्लॅशचा उजेड चमकायचा. दर चमकीला चांगुणाबाई मान वर करायच्या आणि विचारायच्या, "निघाला का?"

"निघाला," भारती म्हणायची.

त्या दोघींच्या समोरून हळदीचं ताट गेलं, तेलाची वाटी गेली, मानाच्या सवाष्णी गेल्या. त्यातल्या एकीने पदर सावरून घेतला, जाताना लागू नये म्हणून. भारतीने ते पाहिलं. चांगुणाबाईंनी पाहिलं की नाही, कोण जाणे. दोघी इतक्या जवळ बसून होत्या की खांद्याला खांदा लागत होता, तरी भारतीला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

हळदीनंतर लग्न तिने मोठ्या कॅमेऱ्यावर नेटकं उरकलं. नवरदेवाचे मित्र मिशा सावरून ताठ उभे राहिले. कुणाचंही काही चुकलं नाही.

नगरच्या लॅबवाल्याने दोन दिवसांनी पाकिटं पुढं सरकवली आणि म्हणाला, "ताई, छोट्याचा रोल कोरा आलाय. एकही फोटो नाही."

भारतीने निगेटिव्हची पट्टी उजेडात धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती तांबूस. कॅमेरा बिघडला म्हणावं तर फ्लॅश तर तिने स्वतः पाहिला होता. तिने पिशवीतून छोटा काढला. लेन्सवर झाकण घट्ट बसलेलं होतं, तिने घरून निघताना लावलं होतं तसंच.

मोठ्या कॅमेऱ्यात डोळ्याला दिसतं ते लेन्समधूनच, झाकण राहिलं तर पुढं अंधार, आंधळ्यालाही कळावं. छोट्याचं तसं नाही. त्याची बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. खिडकीतून पुष्पावतीला नवरी दिसत होती, हळद दिसत होती, फ्लॅश उडत होता, बटण खटखट वाजत होतं. झाकण काढायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला एकच माणूस होतं आणि ते फुगून भिंतीला टेकून बसलं होतं. भीमराजने भारतीला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच शिकवली होती, की दुसऱ्याच्या हातात कॅमेरा देताना आधी झाकण काढून दे. राग रंगुबाईचा आणि फटका बसला चांगुणाबाईंना. म्हणतात ना, वड्याचं तेल वांग्यावर.

ती रात्रभर तळमळली. सांगायला तर हवंच होतं. पण नुसतं सांगायला रिकाम्या हाताने कसं जायचं? भीमराजची एक सवय तिला आठवली. हार घालताना फ्लॅश चुकला की तो नवरा-नवरीला पुन्हा हार घालायला लावायचा. "फोटोपुरतं हो, फोटोपुरतं," म्हणायचा आणि सगळे हसत तयार व्हायचे. भटजीसुद्धा.

मांडवपरतणीला राजनंदिनी माहेरी आली त्या आठवड्यात, तिसगावचा बाजार होता त्या दिवशी, भारती वस्तीवर गेली. तिने मुद्दामच तो दिवस धरला होता. रंगुबाईचं बिऱ्हाड बाजाराला गेलं होतं. घरात फक्त मायलेकी.

भारतीने सगळं सांगितलं. झाकणाचं, आपल्या रागाचं, काही लपवलं नाही. चांगुणाबाई ऐकत राहिल्या.

"म्हंजी येक बी न्हाई?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही अक्का. चूक माझी आहे."

चांगुणाबाईंनी पदराच्या टोकाने डोळे टिपले. "जाऊंदे. माझ्या नशिबातच न्हाई म्हनायचं."

"नशीब कसलं, झाकण होतं ते," भारती चिडून म्हणाली. "आपण पुन्हा लावू हळद. फोटोपुरती. आत्ता. कोण बघतंय?"

राजनंदिनी टाळी वाजवून उठलीच. आणि मग चांगुणाबाईंना काय अवसान आलं! वाटीत हळद कालवली, तेल घातलं, पाट मांडला, पाटाभोवती तांदूळ टाकले, लेकीची हळदीची साडी ट्रंकेतून काढून झटकली. बाजाराला निघालेल्या पोरीसारखी त्यांची लगबग चालली होती. इतक्या वर्षांत आपल्या लेकीसाठी काही मांडायची पाळी पहिल्यांदाच त्यांच्यावर आली होती. राजनंदिनी पाटावर बसली. भारतीने छोट्याचं झाकण काढलं, दोनदा बघून घेतलं.

"लावा अक्का," ती म्हणाली.

चांगुणाबाईंनी बोटं वाटीत बुडवली. हळदीने माखलेला हात लेकीच्या गालाशी नेला. आणि तो तिथंच थांबला.

"लाव की आये," राजनंदिनी डोळे मिटून म्हणाली.

"नगं." चांगुणाबाईंनी हात मागं घेतला. "माझा हात नगं."

"अक्का, खरी हळद थोडीच आहे? फोटोपुरती—"

"फोटूपुरती बी नगं, भारतीबाई. जावई रोज मोटरसायकलीवर फिरतोय. उद्या काय झालं तर मी कुनाला बोल लावू?" त्या उठून दारापर्यंत मागं सरकल्या, हात लुगड्याला पुसत. "तूच लाव."

भारतीने स्वतःकडं बघितलं, मग चांगुणाबाईंकडं. त्यांच्याही ते लक्षात आलं आणि त्यांनी मान खाली घातली.

भारतीला त्यांचा राग आला. उंबऱ्यात आडव्या आलेल्या रंगुबाईचा आला होता त्यापेक्षा जास्त. रंगुबाई निदान बाहेर भेटली होती, तिच्याशी भांडता तरी आलं असतं. या बाईने तर रंगुबाई स्वतःच्या हातात आणून बसवली होती, आणि तीही मायेपोटी. या मायेशी कसं भांडायचं ते भारतीला कळेना. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं.

राजनंदिनीने डोळे उघडले. आईकडं बघितलं, वाटी पुढं ओढली आणि आपल्याच हाताने आपल्या गालाला हळद लावली. मग दुसऱ्या गालाला, कपाळाला, हातांना. एकटीच लावत होती. ना कालवा, ना थट्टा, मधे घुसणारी आत्या नाही की मावशी नाही. नववधू स्वतःच्या हाताने स्वतःला माखत होती आणि दारात उभी राहून आई पापणी न हलवता बघत होती. बघता बघता चांगुणाबाईंचे ओठ हलायला लागले. त्या हळदीचं गाणं म्हणत होत्या, ऐकू येणार नाही इतकं हळू.

भारती कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून अर्धं पाऊल मागं सरकली. आता पाटावरची लेक त्यात मावली आणि तिच्यामागं दारातली आईही, डोक्यावरच्या पदरापासून अनवाणी पायांपर्यंत.

चांगुणाबाई भानावर आल्या. "मी न्हाई ना येत त्यात?" त्यांनी घाबरून विचारलं. "नवरीसंगं माझा फोटू नगं हां."

"नाही अक्का," भारती म्हणाली, "तुम्ही नाही येत," आणि तिने बटण दाबलं.