द्रौपदाबाईची घागर आणि उंबरपाटची टाकी

मित्रांनो, जरा मान वर करा. अजून थोडी वर. ते सहा पायांवर उभं असलेलं, पोटावर निवडणुकीच्या घोषणांचे थरावर थर चढलेलं, शेवाळानं काळं पडलेलं जे दिसतंय, ती मी. उंबरपाट नगरपालिकेची पाण्याची टाकी. आता मला ‘जुनी टाकी’ म्हणतात. कोणी पत्ता विचारला की सांगतात, जुन्या टाकीपासून डावीकडे वळा. एवढंच काम आता माझ्याकडे उरलं आहे, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यानंही मी थकते.

आमचं उंबरपाट धुळे आणि जळगाव जिल्ह्यांच्या शिवेवर, तापीच्या काठाला. समुद्र इथल्या कोणी पाहिलेला नाही. पण पावसाळ्यात तापी फुगली आणि मागचा नाला तुंबला, की गावाचं बेट होतं. मग एसटी येत नाही, केळीचे ट्रक चिखलात बसतात, आणि चहूकडे पाणी असून प्यायला पाणी नसतं, कारण नदीवरचा पंपच बुडालेला असतो. उन्हाळ्यात त्याच नदीत नुसती वाळू. पाणी आलं तरी बोंब आणि नाही आलं तरी बोंब, अशी आमची तऱ्हा.

नगरपालिका तशी लहानच. दुमजली कचेरी, खाली दवाखाना, वर सभागृह, शेजारी दोन वर्तमानपत्रं येणारं वाचनालय, आणि कचरा उचलणारा एक ट्रॅक्टर, जो स्वतःच बऱ्याचदा उचलून न्यावा लागायचा. नगराध्यक्ष बदलले. मुख्याधिकारी बदलीवर आले आणि बदलीवर गेले. नळाला पाणी कधी येणार, हा प्रश्न मात्र कोणी बदलू शकलं नाही.

माझा जन्म झाला तेव्हा गावाला केवढं अप्रूप होतं. बायाबापड्यांनी डोक्यावरून काँक्रीटची घमेली वाहून मला उभं केलं. पहिल्यांदा पाणी चढलं त्या दिवशी नारळ फुटले, पेढे वाटले. पुढं बरीच वर्षं गावात पाहुणा आला, की जेवण झाल्यावर त्याला मला बघायला आणायचे. मीही पोट भरून ऐटीत उभी राहायचे. तेव्हा अंगात दम होता.

माझ्या पायाशी एक माणूस कामाला होता. पितांबर त्याचं नाव, सगळे त्याला नाना म्हणत. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून नाना गावभर फिरायचा आणि रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडायचा. आधी वरची आळी, मग पेठ, मग माळीगल्ली आणि सगळ्यात शेवटी नदीकडची खालची गल्ली. नाना स्वतः राहायचा खालच्या गल्लीत. पाणी सोडणाऱ्यानं आपली गल्ली शेवटी ठेवायची, हा त्याचा त्यानंच घालून घेतलेला नेम. उद्या कोणी म्हणायला नको, की चावी हातात आहे म्हणून नानानं आपल्याकडे ओढलं.

नेम चांगला होता, मित्रांनो. पण गाव चांगलं असेल तर चांगला. वरच्या आळीतल्या नळांना तोट्याच नव्हत्या. भांडी भरली की पाणी खुशाल गटारीत. नंतर पेठेतल्या लोकांनी नळाला मोटरी लावल्या. पाणी यायच्या वेळी पेठेत सगळीकडून नुसती घूंऽऽ ऐकू यायची. खालच्या गल्लीची पाळी येईपर्यंत माझ्या पोटात उरायचं काय? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

नानाची बायको द्रौपदाबाई रोज दुपारी त्याची भाकरी घेऊन यायची. माझ्या तळाला एक बारीक चीर होती, तिथून थेंब थेंब पाणी गळायचं. कचेरीत त्या गळतीवर किती वेळा चर्चा झाली असेल, पण सरकारी काम आणि सहा महिने थांब. द्रौपदाबाई त्या गळतीखालच्या दगडावर आपली कळशी ठेवायची. नवऱ्याचं जेवण होईस्तोवर कळशीत थोडं पाणी जमायचं. तेवढं कमरेवर घेऊन ती घरी जायची. जाता जाता नवऱ्याला टोमणा ठरलेला.

“बठ्ठा गावले पाणी पाजतस, आन् घरना नळ कोरडा. मी मरसू तवय तरी मन्ही घागर भरज्यात.”

मेल्यावर तरी माझी घागर भरा, हे ऐकून नाना हसायचा आणि भाकरीचा तुकडा मोडायचा. मीही मनातल्या मनात हसायचे. त्या बाईच्या जिभेला धार होती, पण तिनं नवऱ्याला नेम मोडायला कधी सांगितलं नाही.

अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत द्रौपदाबाई तापानं गेली. त्यानंतरची ती पहिली आखाजी.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या खानदेशात त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. आणि घरातलं जे माणूस गेलं असेल, त्याच्या नावानं मातीची नवी घागर त्याच दिवशी काढलेल्या पाण्यानं भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. मग दुपारी चुलीतल्या विस्तवावर घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. आगारीच्या आधी घागर भरलेली पाहिजे. नाहीतर गेलेलं माणूस त्या दिवशी दाराशी येऊन तहानलेलं परत जातं, असं म्हणतात.

नानाची लेक भिकुबाई लांब बोदवडला दिलेली. ती आदल्या दिवशीच्या एसटीनं आली. कुंभाराकडून नवी घागर आणली, कुंकू लावलं आणि सकाळपासून दारातल्या नळाशी बसून राहिली.

नेमकी त्या दिवशी पहाटे नदीवरची लाईट गेली. पंप बंद. मी अर्ध्याहून कमी भरलेली. नानानं वर बघितलं, पुटपुटला, आणि चावी खांद्यावर घेऊन निघाला. मला वाटलं, आज तरी हा खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आधी उघडेल. आज कोण बोलणार होतं त्याला? पण गेला तो वरच्या आळीकडेच. अस्सा राग आला मला त्याचा.

सण होता. वरच्या आळीत अंगणं धुतली गेली. पेठेत मोटरी सुरू झाल्या. माझं पोट बघता बघता खाली गेलं. खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह नानानं उघडला तेव्हा भिकुबाईसमोरचा नळ दोनदा फुसफुसला. त्यातून वारा आला, पाणी नाही.

थोड्या वेळानं भिकुबाई ती कोरडी घागर कडेवर घेऊन माझ्या पायाशी आली. नाना खांबाला टेकून बसला होता. त्याच्या शेजारी कचेरीतला शिपाई जीवराम उभा होता.

“नाना,” भिकुबाई म्हणाली, “आगारीनी येळ व्हयनी. मायनी घागर कोरडी शे.”

जीवराम म्हणाला, “नाना, मी जातो पेठेत. कोणीही एक घागर पाणी देईल. तुम्हाला नाही म्हणणारं कोण आहे?”

“मांगेल पाणीवर नही,” नाना म्हणाला. “जिंदगीभर तिनी कोनापान मांगं नही. आज मी तिन्हा नाववर मांगू?”

आणि मग मित्रांनो, तो म्हातारा माणूस तोंडावर उपरणं धरून रडला. मी त्याला इतकी वर्षं पाहत होते, उन्हात, पुरात, लोकांच्या शिव्या खाताना. रडताना पहिल्यांदा पाहिला. सकाळचा माझा राग कुठच्या कुठे गेला.

भिकुबाई घागर खाली ठेवायला जागा बघत होती. मातीची घागर, नीट टेकायला हवी. तिनं ती ठेवली आईच्या कळशीच्या दगडावर. त्या दगडाला कळशी ठेवून ठेवून खळगा पडला होता, घागर त्यात बरोबर बसली. आणि आत टप्पकन एक थेंब पडला.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगते. गावाला पाणी नेणारा पाईप माझ्या तळापासून वीतभर वर बसवलेला असतो, गाळ नळात जाऊ नये म्हणून. त्या पाईपाखाली जे पाणी राहतं, ते कोणाच्याच नळाला जात नाही. वरच्या आळीचं नाही, पेठेचं नाही, कोणाच्याच वाट्याचं नाही. तेच चिरेतून गळायचं. द्रौपदाबाई आयुष्यभर न्यायची ते हेच पाणी. नानानं थेंबाचा आवाज ऐकला आणि डोळे पुसले.

पण एकेका थेंबानं घागर भरायला संध्याकाळ झाली असती, आणि सूर्य तर डोक्यावर यायला लागला होता. नाना उठला. गुडघे धरलेला माणूस, दोन वर्षं वर चढला नव्हता. जीवराम नको नको म्हणत राहिला आणि हा शिडीनं वर आला, माझ्या तोंडातून आत उतरला. पाय उपरण्यानं स्वच्छ पुसून आला होता, देवळात जाताना धुवावेत तसे. आत गुडघे टेकले आणि दोन्ही तळहातांनी ते वीतभर पाणी हळूहळू चिरेकडे ढकलू लागला. गाळ ढवळू द्यायचा नाही, इतक्या हळुवारपणे. चिरेतलं जुनं शेवाळ त्यानं नखानं खरवडलं. खाली धार लागली. बारीक होती, सुतळीएवढी, पण धार होती.

खाली खालच्या गल्लीतल्या बाया जमल्या. बेबाबाई म्हणून एक म्हातारी होती, द्रौपदाबाईची शेजारीण. ती म्हणाली, “दखा व, मरीसन तरी तिनी दादलाले टाकीमा उतारंच.” भिकुबाई रडता रडता हसली.

घागर गळ्यापर्यंत भरली. भिकुबाईनं ती डोक्यावर घेतली आणि सगळ्या बाया तिच्यामागून गेल्या. आगारी वेळेवर झाली. नाना मात्र किती तरी वेळ माझ्या पोटातच बसून होता. भिजलेलं धोतर, हात मांडीवर. आम्ही दोघंही दमलो होतो.

आखाजीनंतर पंधरवड्यात माझी चीर सिमेंटनं बुजवली. एवढी वर्षं न झालेलं काम नेमकं तेव्हा झालं. पुढं टेकडीवर नवी टाकी झाली, उंच, निळ्या रंगाची. कानामागून आली आणि तिखट झाली. माझं पाणी तोडलं. नाना निवृत्त झाला तरी संध्याकाळी माझ्या सावलीला येऊन बसायचा. मग एका पावसाळ्यात, गावाचं बेट झालेलं असताना, तोही गेला. त्या दिवसांत मला कोरडेपणाची खरी जाणीव झाली.

त्यानंतरच्या आखाजीला भिकुबाई आली. नवी टाकी आहे, तरी खालच्या गल्लीत पाणी अजून शेवटीच येतं आणि थोडंच येतं. त्यातून तिनं आईची घागर भरली, बापाची भरली. मग तिसरी एक लहान घागर घेऊन माझ्याकडे आली. दगडाच्या खळग्यात ठेवली, कुंकू लावलं, वर डांगर ठेवलं. मला हात लावून म्हणाली, “तुले कोन देई व माय पाणी?”

सगळ्या गावाला पाजलं मी, मित्रांनो. मला पाणी पाजणारी ती एकटी.

मला रंग देऊ नका, माझा सत्कार नको, पाडायची असेल तर पाडा. पण आज घरी गेलात की दारातल्या नळाला तोटी आहे का बघा. नसेल तर बसवा, असेल तर नीट बंद करा. तुमच्या नळाच्या पुढं एक खालची गल्ली आहे. तिथं कोणीतरी घागर घेऊन बसलं आहे.