बुधवारी बोथट होणारं ब्लेड

सूतभर साहेबांचं ब्लेड पहिल्यांदा बुधवारीच बोथट झालं, तेव्हा त्यांनी संशय घेतला तो स्वतःच्या दाढीवर. वयानं केस राठ होतात म्हणे. पुढच्या आठवड्यात पाण्यावर घेतला, त्याच्या पुढच्या आठवड्यात साबणावर. बायकोवर संशय घ्यायचं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि ते येऊ नये याची काळजी बायको घेत होती.

'सूतभर साहेब' हे नाव कारखान्यातलं. पस्तीस वर्षं त्यांनी तपासणी विभागात काढली. समोर आलेला नग मापात बसतो का ते बघायचं, आणि सूतभर जरी फरक असला तरी परत पाठवायचा. निवृत्त झाल्यावर परत पाठवायला नग उरले नाहीत, तेव्हा ते घर तपासू लागले. दाराची बिजागरी, टेबलाचा पाय, भिंतीवरच्या घड्याळाचा तोल. पण खरा जीव होता तो रेझरवर. चांगला जाडजूड, पितळेचा, वरून मुलामा दिलेला. दोन्ही बाजूंनी धार असलेलं ब्लेड मधे ठेवायचं आणि दांडा फिरवून आवळायचा, असा.

रविवारी नवं ब्लेड. वेष्टनावर पेन्सिलीनं तारीख. दाढी झाली की दांडा अर्धा फेरा सैल करायचा, वाहत्या पाण्याखाली धरायचा, तीनदा झटकायचा आणि खिळ्याला उभा टांगायचा. महिन्यातून एकदा तिन्ही भाग सुटे करून जुन्या टूथब्रशनं घासायचे, आट्यांना तेलाचा एक थेंब. आणि ब्लेड पुसायचं नाही. म्हणजे नाहीच. "धार म्हणजे डोळ्यातलं बुबुळ," ते म्हणत. "बुबुळाला कोणी फडकं लावतं का?"

बायकोनं हे तीस वर्षं ऐकलं होतं. म्हणजे तिनं ते ऐकलंच नव्हतं.

ती चष्म्याच्या दुकानात होती. फ्रेम बसवून देण्याचं काम तिचं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर बसायचं, कानामागची काडी वाकवायची, नाकावरची पकड सारखी करायची आणि विचारायचं, "आता स्पष्ट दिसतंय?" पन्नाशी उलटली आणि तिच्या हनुवटीवर तीन-चार केस उगवले. पाठोपाठ त्यांचे भाऊबंद आले. आता तुम्हीच विचार करा. नवा चष्मा डोळ्यांवर चढल्यावर माणसाला या जगातली जी पहिली वस्तू स्पष्ट दिसते, ती म्हणजे तिची हनुवटी. एकदा एका शाळकरी मुलीनं चष्मा लावला, टक लावून पाहिलं आणि आनंदानं ओरडली, "आई, मला बाईंची दाढीसुद्धा दिसतेय!" आईनं तिला चिमटा काढला. बाईंनी "नंबर बरोबर आहे" म्हणून चष्म्याची डबी हातात दिली आणि आत जाऊन पाणी प्यायल्या.

चिमट्यानं उपटून झालं. केस कातडीखाली वाकडे वाढून फोड आले. पार्लरमध्ये जावं, तर पार्लरवाली शेजारच्या जिन्यातली. मग एका सकाळी सूतभर साहेब फिरायला गेलेले असताना तिनं न्हाणीघराला कडी लावली आणि खिळ्यावरचा रेझर काढला. घाईघाईत, कोरड्यानंच फिरवला. दोन मिनिटांत हनुवटी गुळगुळीत. राहिला प्रश्न पुराव्याचा. एखादा केस ब्लेडला चिकटून राहिला तर? हात काचा पुसणाऱ्या बाईचा. तिनं टॉवेलाच्या टोकानं ब्लेड दोन्ही बाजूंनी खसाखसा पुसलं, लख्ख केलं आणि रेझर होता तसा टांगला. त्यानंतर रोज सकाळी हेच.

नवऱ्याला सांगायला काय झालं होतं, असं कोणी म्हणेल. तीस वर्षांत त्यांनी तिची बाळंतपणं पाहिली होती, ताप पाहिले होते, रुसून दोन-दोन दिवस न बोलणंही पाहिलं होतं. पण दाढी? ती नवऱ्याच्या मुलखातली गोष्ट. बाईनं तिकडे पाऊल टाकलं म्हणजे तिच्यातलं काहीतरी मापाबाहेर गेलं, असं तिला मनातून वाटे. आणि मापाबाहेर गेलेल्या नगाचं हा माणूस काय करतो, ते तिला ठाऊक होतं.

सूतभर साहेबांनी पाणी उकळून गार करून पाहिलं. साबण बदलला. शेवटी कारखान्यातून आणलेलं भिंग काढलं, खिडकीशी बसले आणि बराच वेळ ब्लेड इकडून तिकडून न्याहाळलं.

"सापडलं," ते म्हणाले.

बायकोच्या हातातली बशी हातातच राहिली. "काय सापडलं?"

"धारेला खाचा आहेत. चार दाढ्यांत अशा खाचा पडत नाहीत. माल नकली आहे. भोंगा मला नकली ब्लेडं देतोय."

भोंगा म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार. साबण, तेल, फण्या, ब्रश, ब्लेडं असलं सगळं विकायचा. त्याच्या कानावर सहा वाजता पडलेली बातमी सातला गल्लीच्या टोकाला पोचायची, म्हणून ते नाव. सूतभर साहेब रोज संध्याकाळी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर तासभर बसत. कारखाना सुटल्यावर बाकीचे मित्र पांगले. उरला तो हा एक.

"अहो, तो कशाला देईल नकली? तीस वर्षांची ओळख."

"मी बोलत नाही, खाचा बोलतायत."

त्या संध्याकाळी ते दुकानात गेले आणि दहा मिनिटांत परत आले. त्यानंतर गेलेच नाहीत. स्टुलावर बसायच्या वेळेला ते आता घरात फेऱ्या मारत, घड्याळ सरळ करत, पुन्हा वाकडं करून पुन्हा सरळ करत.

बायकोला वाटलं, निवळेल. पुरुषांची भांडणं, आज तोंड फिरवतील, परवा एकाच पेल्यातला चहा पितील. पण एका संध्याकाळी कामावरून येताना भोंग्यानं तिला हाक मारली. हाक इतकी हळू होती की आधी तिला ती दुसऱ्याच कोणाची वाटली.

"वहिनी, साहेब बरा आहे ना?"

"बरे आहेत."

"चार गिऱ्हाइकांसमोर मला चोर म्हणाला. म्हणू दे. पण त्या दिवसापासून माझ्याकडून ब्लेडं कोणी नेत नाही. साबण उचलतात, वास घेतात आणि ठेवून देतात." त्यानं काचेच्या कपाटाकडे बोट केलं. ब्लेडांचा खण रिकामा होता. "काढूनच टाकली मी. बघूनसुद्धा त्रास होतो."

ती घरी आली तर टेबलावर तीन पानी पत्र.

"वाच," सूतभर साहेब म्हणाले. "उद्या सकाळी व्यापारी संघाच्या कचेरीत देणार आहे. माझं एक सोड, पण हा आणखी किती जणांना फसवत असेल! शुद्धलेखन तेवढं बघ."

तिनं पर्स न ठेवताच पत्र वाचलं. अक्षर मोत्यासारखं. तारखा, खाचांची संख्या, पाण्याचे प्रयोग, साबणाचे प्रयोग. शेवटी: 'सदर दुकानदाराशी माझे व्यक्तिशः वैर नाही. उलट तो माझा मित्र होता.' 'होता'पाशी शाई जरा जास्त उमटली होती.

"झालं वाचून?"

"झालं."

"काही चुका?"

"एकच आहे," ती म्हणाली. "चोर चुकलाय."

सूतभर साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुमचं ब्लेड मी वापरते. रोज. तुम्ही फिरायला गेलात की. इथे," तिनं हनुवटीला बोट लावलं, आणि बोट तिथेच ठेवलं, जणू ते काढलं तर सगळं उघडं पडेल.

तिला वाटलं, आता हसतील. किंवा 'शी' म्हणतील. शी म्हणाले, तर तीस वर्षांचं काय करायचं याचा ती विचार करू लागली.

"कोरडं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"साबण लावतेस की कोरडंच फिरवतेस?"

"कोरडंच. वेळ कुठे असतो?"

"आणि नंतर?"

"नंतर पुसून ठेवते. टॉवेलानं. अगदी नीट."

सूतभर साहेबांनी घरात कोणी गेल्यासारखे डोळे मिटले. "नीट," ते म्हणाले. "टॉवेलानं. नीट." मग उठले, दिवा लावला, खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि दोन बोटांनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. असा तिचा चेहरा कोणी धरला नव्हता. एरवी लोकांचे चेहरे धरायचं काम तिचं.

"हे इथे कापलंय. हेही. कोन चुकतोय तुझा, आणि दाबतेस. अगं, दाबायचं नसतं. रेझरच्या वजनानं केस निघतो, हात फक्त वाट दाखवतो."

"बरं."

"आणि हा रेझर तुझ्या कामाचाच नाही. माझी दाढी म्हणजे काथ्या. याच्यात धार जास्त बाहेर डोकावते. तुझ्या कातडीला धार जेमतेम दिसेल असा हवा, आणि दांडा आखूड. चेहरा लहान आहे तुझा."

"तुम्हाला काहीच वाटलं नाही?" तिनं विचारलं. आवाज तिच्या मनात नसताना भिजला.

त्यांनी बोटं काढून घेतली. "वाटलं ना. अडीच महिने मी पाणी उकळतोय, आणि तू समोर बसून बघतेयस." मग जरा थांबून, पत्राची घडी घालत, "मी काय म्हणेन असं वाटलं होतं तुला?"

घडीची घडी करत ते पत्र त्यांनी काड्यापेटीएवढं केलं.

"उद्या भोंग्याकडे जाऊ," ते म्हणाले. "मी सांगतो काय सांगायचं ते. तुझं नाव येणार नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात शिरले तेव्हा आत दोन गिऱ्हाइकं होती. सूतभर साहेब त्यांच्या जाण्याची वाट बघत थांबतील असं तिला वाटलं. ते थांबले नाहीत. चोर म्हणाले होते चारचौघांत, तर हेही चारचौघांतच.

"भोंग्या, तुझी ब्लेडं चांगली होती. चूक माझी. मी ती टॉवेलानं पुसत होतो."

भोंग्यानं हातातली पुडी खाली ठेवली. "काय करत होतास?"

"पुसत होतो."

"तू?" भोंग्याचा आवाज हळूहळू मूळ पट्टीवर येऊ लागला. "जो माणूस मला तीस वर्षं सांगतोय की ब्लेडाला फडकं लावणाऱ्याला तुरुंगात टाका, तो? ऐकलंत का हो," हे गिऱ्हाइकांना, "तपासणी विभागाचे मुख्य! पस्तीस वर्षं लोकांचा माल परत पाठवला, आणि घरी टॉवेल!"

"हो."

"अरे, विसरलास की काय? वय झालं का तुझं?"

"झालं असेल."

"उद्या घरचा पत्ता विसरशील. वहिनी, यांच्या गळ्यात पाटी अडकवा!"

गिऱ्हाइकं हसत गेली. आता ही गोष्ट कुठवर पोचणार ते सगळ्यांना माहीत होतं. सूतभर साहेब तसेच उभे. कान मात्र लालभडक. कारखान्यात असताना वरच्या साहेबानं मोजमापात एकदा चूक काढली, तर या माणसाला तीन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं, आणि चूक शेवटी वरच्या साहेबाचीच निघाली होती. बायको त्या कानांकडे बघत राहिली.

"बस आता स्टुलावर," भोंगा म्हणाला. "आणखी काय हवंय?"

"एक रेझर दाखव. जादाचा."

भोंग्यानं तीन काढून काचेवर मांडले. "तुझ्या काथ्याला हा. भारी वजन, दातेरी कड, एका हातात साफ. डोळे मिटून घे."

"तो... तो नको," सूतभर साहेब म्हणाले. "तो मऊ दाखव."

"मऊ? तुला? अरे, तो तुझ्या गालावरून नुसता घसरेल. खरंच डोकं ठिकाणावर आहे ना?"

सूतभर साहेब तोंड उघडून पुन्हा मिटत होते. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाकडे एकच खोटं असतं, आणि ते त्यांचं मघाशीच खर्च झालं होतं. भोंगा तो वजनदार रेझर कागदात गुंडाळायला लागलासुद्धा.

"भावजी, तो राहू द्या," ती म्हणाली. "मऊ द्या. माझ्यासाठी आहे."

सूतभर साहेबांनी तिच्या कोपराला हात लावला. तिनं कोपर हलवलं नाही.

"हनुवटीला लागतो मला. आणि टॉवेल यांचा नव्हता. माझा होता."

भोंग्यानं तिच्याकडे पाहिलं, मित्राकडे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं. ती वाट बघत राहिली. आता सातपर्यंत गल्ली जागी होईल. होऊ दे.

पण भोंग्यानं गुंडाळलेला कागद शांतपणे उलगडला, तो रेझर कपाटात ठेवला आणि खालच्या खणातून एक आखूड दांड्याचा काढला. "मांडलेल्यांपेक्षा हा बरा," तो हळूच म्हणाला. "बायकांमध्ये हाच जास्त जातो. कोण कोण नेतं ते विचारू नका, सांगणार नाही."

"तुम्ही?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"वहिनी, ज्या बातम्या मी सांगत नाही, त्या तुमच्या कानावर येतील कशा?"

सूतभर साहेबांनी तोपर्यंत रेझर उघडून खिडकीशी नेला होता. "याची डावी बाजू जरा उचललेली आहे."

"कुठे उचललेली आहे? भिंग आणू?"

"सूतभर आहे."

"तुझी मान वाकडी आहे." भोंग्यानं काढून ठेवलेल्या ब्लेडांचा डबा आतून आणला. "ब्लेड कुठलं देऊ? हे धारदार घ्या वहिनी, एका फेऱ्यात..."

"धारदार नको, मधलं दे. तिचा कोन अजून बसलेला नाही."

"अरे, बोथटानंच जास्त कापतं! इतकी वर्षं दाढी करतोस, एवढं कळत नाही?"

"तिचे केस बारीक आहेत. मी पाहिलेत."

"हनुवटी माझी आहे," ती म्हणाली. तिनं स्टूल ओढलं, त्याच्यावर बसली आणि हात पुढे केला. "दोन्ही द्या. मी बघते."